डहाणू चार वेळा म्हणा, तलासरी चार वेळा म्हणा: लघु-गुरूच्या ओळींमधून आकड्यांच्या मालिका कशा तयार होतात?

आधी एक छोटा प्रयोग करू. मोठ्याने म्हणा: डहाणू डहाणू डहाणू डहाणू.

चाल ओळखीची वाटली? शाळेत किंवा घरी मनाचे श्लोक म्हटले असतील तर नक्की वाटेल. ही भुजंगप्रयात वृत्ताची चाल आहे. आता म्हणा: तलासरी तलासरी तलासरी तलासरी. ही झाली पंचचामर वृत्ताची चाल, म्हणजे शिवतांडव स्तोत्राची.

पालघर जिल्ह्यातले शेजारशेजारचे दोन तालुके. दोघांच्या नावात दोन वेगळी वृत्तं लपली आहेत. हा योगायोग आहे, पण कामाचा. कारण गणितात 'कॉम्बिनेटोरिक्स' नावाची शाखा आहे, आणि तिच्यातला एक मोठा प्रश्न याच दोन नावांवरून समजून घेता येतो. प्रश्न असा: दोनच चिन्हं आहेत, आणि कुठल्या चिन्हानंतर कुठलं यावं याचा नियम ठरलेला आहे. तर अशा किती ओळी तयार होतील?

'फिबोनाचीच्या आधी भारतीयांनी ही मालिका शोधली', 'बायनरी पिंगळाने शोधली' अशा पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येत असतील. त्यातलं खरं किती, हेही या निमित्ताने पाहू.

लघु आणि गुरू म्हणजे नेमकं काय?

मराठीच्या व्याकरणात शिकलेलं थोडं आठवू. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू. पुढे जोडाक्षर येऊन आघात होत असेल तर आधीचं अक्षरही गुरू.

गझल आणि वृत्तात लिहिणारे लोक लघुला 'ल' आणि गुरूला 'गा' म्हणतात. आपणही तेच वापरू.

डहाणू: ड लघु, हा गुरू, णू गुरू. म्हणजे लगागा.
तलासरी: त लघु, ला गुरू, स लघु, री गुरू. म्हणजे लगालगा.
पालघर: पा गुरू, बाकी तिन्ही लघु. म्हणजे गाललल.

नाव बाजूला ठेवलं की उरते ती ल आणि गा यांची एक माळ. गणितात अशा माळेला 'शब्द' म्हणतात. त्याला अर्थ असलाच पाहिजे असं नाही, चिन्हं एका रांगेत असली की झालं.

नियमच नसेल तर किती ओळी?

हे सोपं आहे. प्रत्येक जागी दोन पर्याय. एक अक्षर असेल तर २ ओळी, दोन असतील तर ४, तीन असतील तर ८. दर अक्षराला संख्या दुप्पट होते. बारा अक्षरांच्या ४,०९६ ओळी होतात. भुजंगप्रयात ही त्या ४,०९६ पैकी एक.

तीन अक्षरांचे हे आठ प्रकार म्हणजेच वृत्तातले आठ गण: य, म, त, र, ज, भ, न, स. डहाणू हा 'य' गण. म्हणून भुजंगप्रयाताची व्याख्या 'य य य य' अशी पाठ करायला लावतात.

हे आठ गण लक्षात ठेवायला एक सूत्र आहे: यमाताराजभानसलगं. त्यातली कुठलीही सलग तीन अक्षरं घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो. 'यमाता' म्हणजे लगागा, हा य गण. 'मातारा' म्हणजे गागागा, हा म गण. 'ताराज' म्हणजे गागाल, हा त गण. असं सरकत गेलात की आठही गण एकेकदाच येतात. फक्त दहा अक्षरांत!

अशा माळेला आज गणितात 'डी ब्रुइन मालिका' म्हणतात. निकोलास डी ब्रुइन या डच गणितज्ञाने १९४६ मध्ये अशा माळा किती असतात याचं सूत्र सिद्ध केलं. तेच उत्तर १८९४ मध्ये सेंट-मारी या फ्रेंच गणितज्ञाने काढलं होतं, हे नंतर लक्षात आलं. वर्तुळात गुंफलेल्या अशा माळांची मोजणी १, १, २, १६, २०४८ अशी वाढत जाते. तीनच्या गटांसाठी फक्त २ माळा आहेत. त्यातली एक आपण व्याकरणाच्या तासाला पाठ केलेली असते.

आता बदल मोजू

तलासरीकडे पुन्हा बघा: लगालगा. ल नंतर गा, गा नंतर ल, ल नंतर गा. चार अक्षरांमध्ये तीन सांधे असतात आणि तिन्ही सांध्यांवर चिन्ह बदलतं. पालघरमध्ये मात्र एकदाच बदलतं, पा नंतर.

असे बदल मोजायला सोपी युक्ती आहे. पहिलं अक्षर निवडा, २ पर्याय. मग प्रत्येक सांध्यावर 'बदल' की 'तसंच' एवढंच ठरवा. चार अक्षरांच्या १६ ओळींची वाटणी अशी होते:

एकही बदल नाही: २
एक बदल: ६
दोन बदल: ६
तीन बदल: २

म्हणजे १, ३, ३, १ यांची दुप्पट. शाळेत ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात त्यातली ही ओळ आहे. पिंगळाच्या छंदःसूत्राशी जोडलेला 'मेरुप्रस्तार' तो हाच. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगळावर टीका लिहिली, त्यात हा त्रिकोण कसा मांडायचा ते स्पष्ट दिलेलं आहे. पास्कलचं पुस्तक सतराव्या शतकातलं.

डहाणू चार वेळा म्हटलं की १२ अक्षरं, ११ सांधे आणि ७ बदल होतात. बरोबर ७ बदल असणाऱ्या बारा अक्षरी ओळी ६६० आहेत. तलासरी चार वेळा म्हटलं की १६ अक्षरं, १५ सांधे आणि १५ बदल. प्रत्येक सांध्यावर बदल असणाऱ्या ओळी कितीही लांबीच्या घेतल्या तरी दोनच: ल ने सुरू होणारी आणि गा ने सुरू होणारी.

महाराष्ट्रात हे कोणी मोजलं होतं का?

हो. भास्कराचार्यांनी. इ.स. ११५० च्या 'लीलावती'त त्यांनी गायत्री छंदावर एक उदाहरण घातलं आहे. गायत्रीचा एक चरण सहा अक्षरांचा. त्यात एक गुरू असणारे प्रकार ६, दोन असणारे १५, तीन असणारे २०, चार असणारे १५, पाच असणारे ६, सगळे गुरू असणारा १ आणि सगळे लघु असणारा १. एकूण ६४. पूर्ण चोवीस अक्षरांचे प्रकार १,६७,७७,२१६. कॅल्क्युलेटरवर दोनचा चोविसावा घात काढून बघा, हाच आकडा येईल.

भास्कराचार्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला १२०७ मध्ये दान दिलं गेलं, अशी नोंद त्यात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

अक्षरांऐवजी मात्रा मोजल्या तर?

इथून गोष्ट खरी रंगते. अक्षरं किती हे सोडून द्या, एकूण मात्रा ठरवा. ल ची एक, गा च्या दोन.

डहाणू म्हणजे १+२+२, पाच मात्रा. पालघर म्हणजे २+१+१+१, पाच मात्रा. मुंबई म्हणजे गालगा, याही पाच मात्रा. पाच मात्रांच्या सगळ्या ओळी अशा:

ललललल
गाललल (पालघर)
लगालल
ललगाल
लललगा
गागाल
गालगा (मुंबई)
लगागा (डहाणू)

एकूण ८. तलासरीच्या सहा मात्रा आहेत आणि सहा मात्रांच्या ओळी १३. एक मात्रेपासून सुरुवात केली तर मालिका अशी होते: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४.

हीच ती प्रसिद्ध मालिका, जिला जग फिबोनाची म्हणतं. कारण एका वाक्याचं आहे. ओळीचं शेवटचं अक्षर ल असेल तर ते काढल्यावर एक मात्रा कमी होते, गा असेल तर दोन कमी होतात. म्हणून प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज.

यात 'कशानंतर काय' हा नियम कुठे आला, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक मात्रेला एक ठोका द्या. अक्षर सुरू झालं तिथे टाळी, गुरू लांबला तिथे शांतता. मग अट अशी होते: दोन शांतता शेजारी येणार नाहीत आणि सुरुवात टाळीने होईल. म्हणजे इथेही दोन चिन्हं आणि शेजारावरचा एक नियम आहेच.

मराठी कवितेत पादाकुलक नावाची मात्राजाती आहे. एका चरणात १६ मात्रा, आठ-आठच्या दोन भागांत. १६ मात्रांच्या एकूण ओळी १,५९७. पण मधोमध आठव्या मात्रेवर अक्षर संपलंच पाहिजे असा नियम लावला तर डावीकडे ३४ पर्याय, उजवीकडे ३४ पर्याय, म्हणजे १,१५६ ओळी. उरलेल्या ४४१ ओळींत एक गुरू बरोबर मध्यावर आडवा बसलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मात्रा उरतात, म्हणून २१ गुणिले २१. हिशोब चोख लागतो.

मग फिबोनाचीच्या आधी ही मालिका कोणी मांडली?

व्हायरल पोस्टमधला हा दावा मुळात बरोबर आहे, पण तपशील बहुतेक वेळा चुकतो. क्रम असा आहे:

विरहांक या प्राकृत छंदशास्त्रकाराने 'वृत्तजातिसमुच्चय' या ग्रंथात मात्रावृत्तांची संख्या काढण्याचा नियम दिला. त्याचा काळ साधारण सहाव्या ते आठव्या शतकातला मानला जातो.
त्यावर टीका लिहिणाऱ्या गोपालाने इ.स. ११३५ च्या आधी ही मालिका उदाहरणांसह मांडली.
इ.स. ११५० च्या सुमारास हेमचंद्राचार्यांनी हाच नियम मांडला. तलासरीची हद्द ओलांडली की गुजरात लागतं, ते त्याच गुजरातचे. त्यांचा ग्रंथ 'छंदोनुशासन'.
पिसाच्या लिओनार्दोचं म्हणजे फिबोनाचीचं 'लिबेर अबाची' १२०२ मधलं. त्यात सशांच्या जोड्यांचं कोडं आहे.
'फिबोनाची संख्या' हे नाव तर एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी रूढ केलं.

यात महाराष्ट्राचा एक धागा सहसा कुणी सांगत नाही. विरहांकाचा 'वृत्तजातिसमुच्चय' आणि हेमचंद्रांचं 'छंदोनुशासन' या दोन्ही ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या मुंबईचे संस्कृत अभ्यासक प्रा. ह. दा. वेलणकर यांनी तयार केल्या. 'छंदोनुशासन' १९६१ मध्ये आलं, 'वृत्तजातिसमुच्चय' १९६२ मध्ये. १९८५ मध्ये परमानंद सिंग यांनी 'हिस्टोरिया मॅथेमॅटिका' या नियतकालिकात हा सगळा इतिहास सविस्तर मांडला. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड नुथ यांनीही आपल्या ग्रंथात गोपाल आणि हेमचंद्र यांची नोंद घेतली आहे.

दुसरा दावा, 'पिंगळाने बायनरी शोधली', जरा सांभाळून घ्यायला हवा. पिंगळाने दोन चिन्हांच्या सगळ्या ओळी क्रमाने मांडायच्या रीती दिल्या. ठरावीक क्रमांकाची ओळ कशी काढायची आणि दिलेल्या ओळीचा क्रमांक कसा ओळखायचा, हेही दिलं. ही विचारसरणी बायनरीच्या फार जवळची आहे. पण त्या चिन्हांमध्ये बेरीज-गुणाकार करणारी अंकपद्धती त्याने मांडलेली नव्हती. ती लायब्निझने १७०३ मध्ये छापली. दोन्ही वाक्यं एकत्र लिहिता येतात. त्याने पिंगळाचं मोठेपण कमी होत नाही.

डहाणू आणि तलासरी यांच्या विटा

आता दोन्ही नावांना एकाच नियमात बसवू. नियम असा: दोन ल शेजारी नकोत आणि तीन गा सलग नकोत.

हा नियम पाळणाऱ्या ओळीत प्रत्येक ल नंतर एक किंवा दोन गा येतात आणि मग पुढचा ल. म्हणजे सगळी ओळ दोनच विटांनी रचलेली असते: 'लगा' आणि 'लगागा'. फक्त सुरुवातीची आणि शेवटची वीट तुटकी असू शकते. 'लगागा' ही वीट म्हणजे डहाणू. 'लगा' ही वीट दोनदा ठेवली की तलासरी.

अशा ओळी किती? एक अक्षरापासून बारा अक्षरांपर्यंत: २, ३, ४, ५, ७, ९, १२, १६, २१, २८, ३७, ४९.

बारा अक्षरांच्या ४,०९६ ओळींपैकी या नियमातून फक्त ४९ पार होतात. भुजंगप्रयात त्यात आहे. गालगा चार वेळा येणारं स्रग्विणी वृत्तही त्यात आहे. तलासरी तीन वेळा म्हटलं तर तीही ओळ त्यात आहे. एकही वीट तुटकी चालणार नाही अशी अट घातली तर ४९ मधल्या १२ च उरतात.

या मालिकेत प्रत्येक संख्या ही दोन घरं आधीची आणि तीन घरं आधीची यांची बेरीज असते. ४९ म्हणजे २८ अधिक २१. कारण शेवटची वीट दोन अक्षरांची असते किंवा तीन अक्षरांची. या संख्यांना 'पादोवान संख्या' म्हणतात. रिचर्ड पादोवान हे वास्तुरचनाकार. १९९६ मध्ये गणितलेखक इयन स्ट्युअर्ट यांनी एका लेखात त्यांचं नाव या संख्यांना दिलं.

नारायण पंडितांच्या गायी आणि सीडी

नियम थोडा बदलू. कुठल्याही दोन ल च्या मध्ये निदान दोन गा असलेच पाहिजेत, जास्त कितीही चालतील. डहाणू चार वेळा म्हटलं तर ही अट पाळली जाते. तलासरी मात्र पहिल्याच शब्दात बाद होते, कारण तिच्या दोन ल मध्ये एकच गा आहे.

आता मोजणी: २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१, ६०, ८८, १२९. इथे प्रत्येक संख्या ही लगतची आधीची आणि तीन घरं आधीची यांची बेरीज.

हीच मालिका १३५६ मध्ये नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'त येते, पण गायींच्या रूपात. एक गाय दर वर्षी एक कालवड देते. प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दर वर्षी एक कालवड देऊ लागते. तर वीस वर्षांनी एकूण गायी-वासरं किती? उत्तर २,७४५. आपलीच मालिका पुढे वाढवत जा, हा आकडा तिच्यात सापडतो.

आणि हीच अट पुन्हा आली १९८२ मध्ये, फिलिप्स आणि सोनी यांनी बाजारात आणलेल्या ऑडिओ सीडीमध्ये. सीडीच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि सपाट भाग असतात. खड्डा संपून सपाट भाग सुरू झाला किंवा उलट झालं, म्हणजे बदल झाला, की तो १. काहीच बदललं नाही की ०. दोन बदल फार जवळ आले तर लेझरला ते वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून नियम केला की दोन १ च्या मध्ये निदान दोन ० हवेत. आणि फार वेळ बदलच झाला नाही तर वाचणाऱ्या यंत्राचा ताल चुकतो. म्हणून दुसरा नियम: सलग ० दहापेक्षा जास्त नकोत.

माहितीच्या ८ बिटांच्या एका गटाचे २५६ प्रकार असतात. त्या प्रत्येकासाठी नियम पाळणारा एक स्वतंत्र शब्द हवा. किती लांबीचे शब्द घेतले तर पुरतील? आपली मालिका दोन पावलं पुढे न्या: १२९, १८९, २७७. म्हणजे चौदा चिन्हांचे २७७ शब्द पहिला नियम पाळतात. त्यातले अकरा किंवा जास्त सलग शून्य असणारे १० वजा करा. उरले २६७. गरज २५६ ची. म्हणून सीडीवर ८ बिटांचा प्रत्येक गट १४ चिन्हांनी लिहिला जातो. तेरा चिन्हं घेतली असती तर १८९ च शब्द मिळाले असते आणि ते पुरले नसते.

सीडी बनवणाऱ्या इंजिनिअरांनी 'गणितकौमुदी' वाचून हे केलं, असा याचा अर्थ नाही. नियम सारखा असला की आकडे सारखेच येतात, मग तुम्ही गायी मोजा, श्लोक मोजा किंवा सीडीवरचे खड्डे.

या सगळ्यात डहाणूचा माणूस कोण?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली नोकरी नव्हती. हातात वही आणि डोक्यात आकडे.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. पुन्हा तेच करा. त्यांच्याच जन्मवर्षाने करून बघू:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सात पायऱ्या. कुठल्याही संख्येला यापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत.

हीसुद्धा शब्द मोजण्याचीच गोष्ट आहे. इथे अंक ही चिन्हं, आणि 'पुढचा अंक मागच्यापेक्षा मोठा नको' हा नियम. ०००० ते ९९९९ अशा दहा हजार शब्दांपैकी हा नियम ७१५ पाळतात. चारही अंक सारखे असणारे १० सोडले की ७०५. त्याहून गंमत म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ वेगवेगळी उत्तरं शक्य असतात. कारण उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: टोकाच्या दोन अंकांमधला फरक आणि मधल्या दोन अंकांमधला फरक. दहा हजारांचा प्रश्न ५४ वर आला की तो वहीच्या दोन पानांत तपासून संपवता येतो.

कापरेकरांकडे बराच काळ फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाला हे नाव कळलं. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या संख्यांनाही दोन-दोन नावं आहेत. ज्यांना ते स्वयंभू संख्या म्हणत, त्या दुसरीकडे 'कोलंबियन संख्या' म्हणून ओळखल्या जातात. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' हे नाव दिलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. त्यांनाच कुठे 'निव्हेन संख्या' म्हणतात. विरहांकाचं झालं तेच इथेही झालं. शोध एकाचा, रूढ नाव दुसऱ्याचं.

तुमची मालिका नवी आहे का, कसं कळेल?

इंटरनेटवर संख्यामालिकांचा एक मोठा विश्वकोश आहे. नील स्लोन यांनी विद्यार्थी असताना १९६४ मध्ये मालिका गोळा करायला सुरुवात केली. १९७३ मध्ये पुस्तक आलं आणि १९९६ पासून तो ऑनलाइन आहे. आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. शोधायला काही पैसे लागत नाहीत. पाच-सहा संख्या टाका, ती मालिका आधी कुठे भेटली आहे ते दिसतं.

प्रत्येक मालिकेला क्रमांक असतो. फिबोनाचीचा ए००००४५. नारायण पंडितांच्या गायींचा ए०००९३० आणि पादोवानचा ए०००९३१, अगदी शेजारी. म्हणजे डहाणूची एकट्याची अट आणि डहाणू-तलासरीची मिळून अट, दोन्ही तिथे शेजारीच नांदतात. कापरेकरांच्या स्वयंभू संख्या ए००३०५२ वर आहेत.

करून बघायचं असेल तर असं करा. आपल्या गावाचं नाव लघु-गुरूत लिहा. त्यात काय टाळलं गेलंय ते बघा: दोन ल शेजारी नाहीत? तीन गा सलग नाहीत? तोच नियम ठरवा आणि एक, दोन, तीन, चार, पाच अक्षरांच्या ओळी हाताने लिहून मोजा. वृत्तं नको असतील तर वारली चित्राभोवती त्रिकोण आणि ठिपक्यांची किनार काढायची आहे असं समजा आणि कशाशेजारी काय नको ते ठरवा. मिळालेले आकडे त्या विश्वकोशात टाका.

बहुतेक वेळा मालिका आधीच तिथे असेल, आणि तिच्या नोंदीत ती कोणी, कधी, कुठल्या प्रश्नातून मांडली ते लिहिलेलं असेल. पुढच्या वेळी 'हे आमच्याकडे आधीच होतं' अशी पोस्ट फॉरवर्ड करायची झाली, तर तेवढी दोन नावं आणि एक साल सोबत लिहा. विरहांक, गोपाल, हेमचंद्र, नारायण पंडित आणि डहाणूचे कापरेकर, यांची नावं मागे पडली ती त्यांचा हिशोब चुकला म्हणून नाही. त्यांचं नाव पुढे कुणी लिहिलं नाही म्हणून.